तेलाचा गुण

“नाक मुरडून झालं असेल तर पाय इकडे कर,” धाकटी म्हणाली.

दादानं हसत पाय पुढे केला. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, टाचा दगडासारख्या. धाकटीनं बदामाच्या तेलात लॅव्हेंडरचे दोन-तीन थेंब टाकले, तळहात एकमेकांवर घासून ऊब आणली आणि तळव्यापासून सुरुवात केली.

याच कामावरून दादानं तिची आयुष्यभर थट्टा केली होती. ती शहरातल्या एका उपचार केंद्रात होती. कुणाची झोप उडालेली, कुणाचं डोकं चढलेलं, कुणाला उगाच धडधड. ती सुगंधी तेलं लावायची आणि माणसं जरा सैल होऊन घरी जायची. दादा मात्र चारचौघांत म्हणायचा, “आमची धाकटी पायाला अत्तर लावते. नुसती चोळाचोळी!” ती हसण्यावारी न्यायची, पण लागायचं.

मग दादाचं हृदय दुबळं झालं आणि झोप गेली. वहिनींनी शेवटी तिला बोलावलं. “वन्सं, तुमचं ते तेल तरी बघा लावून.” पहिल्याच दिवशी दादा घोरायला लागला. तेव्हापासून येईल त्याला सांगू लागला, “धाकटीच्या हाताला गुण आहे हो!” ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आज मात्र तिचा अंगठा घोट्याजवळ गेला आणि थांबला. दाबलं तिथे खळगा पडला होता आणि तो भरून येत नव्हता.

“दादा, लघवीची गोळी घेतोस ना?”

“सोडली. सगळ्याच सोडल्या. सारखं उठावं लागतं. तुझ्या तेलानं बरं वाटतंय, मग कशाला ते विष?”

स्वयंपाकघराच्या दारात वहिनींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “मला तर म्हणाले, घेतो!”

धाकटीनं हात पुसले. “तेलानं झोप लागते, दादा. जीव शांत होतो. पण अंगातलं पाणी त्यानं निघत नाही. हृदयाला गोळीच लागते.”

दादाचा चेहरा उतरला. “म्हणजे मी इतकी वर्षं बोलत होतो तेच खरं? चोळाचोळीच?”

आत्ता कुठे त्यानं तिला मानलं होतं.

“तसं म्हण हवं तर,” ती म्हणाली. “पण दवाखान्यात चल.”

“विश्वास ठेवला तर तुलाच पेलत नाही! उद्यापासून येऊ नकोस.”

तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच आणायला सांगितलं. वहिनींनी हट्ट करून दादाला रिक्षात बसवलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं. ते उतरलं, पण हृदयाची जी ताकद गेली ती परत यायची नाही, असं डॉक्टरांनी वहिनींना आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनी रडल्या. धाकटीला वाटलं, खळगा आधी का नाही दिसला?

ती रोज दुपारी वॉर्डात जाऊन बसायची. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिनं संत्रं सोलून ठेवलं की तो न वळताच खायचा.

एके दिवशी तसाच पाठमोरा पडून त्यानं चादरीतून एक पाय बाहेर काढला. धाकटीनं पर्स उघडली, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “बाई, तेल नको हं. शेजारच्या काकांना दमा आहे, वासानं त्रास होतो.”

तिनं पर्स बंद केली आणि कोरड्याच हातानं तळवा हळूहळू दाबू लागली. सूज आता ओसरली होती.

शेजारचे काका बघत होते. “बहीण का तुमची?”

“हो.” दादाचा आवाज खरखरीत आला. “गोळ्या घेतल्या नाहीत तर रागावते. कामात पक्की आहे.”

“मग आमच्याही पायांना गोळे येतात हो!”

“आधी माझा दुसरा पाय,” दादा डोळे मिटून म्हणाला. “मग तुम्ही.”

धाकटी खुदकन हसली. दुसरा पाय अर्धा झाला नाही तोच दादाला झोप लागली. तिनं पाय चादरीखाली सारला, स्टूल उचललं आणि शेजारच्या खाटेकडे गेली.