नळदुर्गहून सुटणाऱ्या गाड्या

हर्षालीने बाबामियाँच्या मोबाइलवर 'नळदुर्ग सोलापूर बस' असं लिहिलं आणि यादीत अप्पांच्या वेबसाइटचं नाव आल्यावर त्यावर बोट ठेवलं. गाड्यांच्या वेळा आल्या नाहीत. लाल पडद्यावर पत्ते उधळले आणि खेळायला बसा म्हणून एक बाई हसत खुणावू लागली.

"हेच ते," बाबामियाँ म्हणाले. "आधी हे काढ बेटी. मग साइट चालू ठेवायचं बोल."

तिच्या स्वतःच्या फोनवर हे कधीच आलं नव्हतं. ती थेट पत्ता टाकून साइट उघडायची. थेट येणाऱ्याला गाड्या दिसत होत्या, शोधत येणाऱ्याला जुगार. ज्याने हे केलं, त्याला मालकापासून कसं लपायचं ते ठाऊक होतं.

हर्षालीचे वडील शरणबसप्पा, म्हणजे अप्पा, नळदुर्गच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते; सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी लेकीकडून ही साइट करून घेतली. कुठली गाडी कधी, येरमाळ्याच्या यात्रेला जादा किती, रद्द कुठली. बाबामियाँ जुने ड्रायव्हर. ते स्टँडवर फिरून बदललेल्या वेळा आणत, अप्पा त्या भरत. अप्पा जाऊन महिना होत आला होता. वेळा तुम्ही सांगत राहाल का, एवढंच विचारायला ती आज आली होती.

तिने खाटेवर लॅपटॉप उघडला. पुण्यात तिची नोकरी याच कामाची, सर्व्हर सांभाळण्याची. शोधायला वेळ लागला नाही. साइटची माहिती जिथून हाताळायची, ते पान तिने सुरुवातीला घाईत पासवर्डशिवाय ठेवलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. तिथून कोणी आत आलं होतं. आल्यावर त्याने सर्व्हरवर दुरून देखरेख करायचं एक साधन बसवलं होतं, आणि त्याच्याच आधारे पुढचं सगळं चालवलं होतं. ते साधन चोरांचं नव्हतं. चांगल्या लोकांनी चांगल्या कामासाठी लिहून सगळ्यांना मोकळं दिलेलं. तिच्या ऑफिसातही तेच होतं. म्हणून कुणाला संशय आला नव्हता.

ते बसवल्याची तारीख दिवाळीनंतरची होती. ती तिने पुन्हा एकदा वाचली.

त्याच सुमारास अप्पांचा फोन आला होता. सर्व्हरवर काय काय चालू आहे ते कुठे बघायचं, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं, आणि ते रोज सकाळी बघत. नवीन काहीतरी दिसतंय म्हणाले. इंग्रजी नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवलं. ती मीटिंगमध्ये होती. नाव ओळखीचं होतं. "माझंच आहे अप्पा, राहू द्या," म्हणून तिने फोन ठेवला होता.

"सापडलं का?" बाबामियाँनी विचारलं.

"हो." तिने सर्व्हर बंद केला. आता तो नव्यानेच उभा करावा लागणार होता. "चाचा, अप्पांना हे माहीत होतं?"

"माहीत म्हंजे? कॅन्टीनवाला उत्तरेश्वर भर स्टँडात म्हणाला त्याला, 'काय कंट्रोलर, गाड्या सोडून पत्ते वाटाय लागलाव व्हय?' लई हसले सगळे."

"मग?"

"तुझा अप्पा म्हणाला, जाहिरात हाय, मीच ठेवली." बाबामियाँ खाटेची सैल सुतळी ओढत राहिले. "मला मागनं म्हणाला, 'पोरीनं बसवलंय. विचारलं तर माझंच हाय म्हणाली. काय अडचण असंल तिला पुण्यात.' म्या म्हणलं, सरळ विचार की. तर म्हणतो, 'लेकीला असलं विचारतात का?' तवापासनं स्टँडवर येणंच तुटलं त्याचं. वेळा मीच घरी नेऊन द्यायचो."

हर्षालीने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा मिटला.

"ते मी ठेवलं नव्हतं, चाचा. बाहेरचे लोक आत शिरले होते."

बाबामियाँनी हातातली सुतळी सोडली.

"तू न्हाय?"

"नाही."

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "गर्दीतला खिसेकापू लांबून वळखायचा तुझा अप्पा." मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिने काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावलासुद्धा.

"उत्तरेश्वर, ऐक. ते पत्त्याचं चोरांनी घुसवलं होतं. कंट्रोलरनं न्हाय, पोरीनंबी न्हाय. पोरीला तर पत्ताच नव्हता. सगळ्यांना सांग."

पलीकडून उत्तरेश्वरचा आवाज मोठ्याने आला, "आरं, मग मीच ठेवली म्हणून का म्हणाला त्यो?"

बाबामियाँनी फोन तिच्यापुढे धरला. "तूच सांग बेटी. तुला नीट सांगता यील."

तिने फोन कानाला लावला. स्टँडवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. ती संपेपर्यंत हर्षाली थांबली.

"हॅलो," उत्तरेश्वर म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "काका, अप्पांनी मला विचारलं होतं."