दांडीच्या वाळूवर उलटलेलं विमान

प्रशिक्षणाच्या छोट्या विमानाचं इंजिन समुद्रावर बंद पडलं, तेव्हा एकटीच उडत असलेल्या हेमालीने दांडीचा ओहोटीचा किनारा निवडला. चाकं नीट टेकली, पण पुढचं चाक ओल्या वाळूत रुतलं आणि विमान उलटलं. आता ती पट्ट्याला उलटी लटकत होती आणि पंखातून इंधन ठिबकत होतं.

बोंबील वाळत घालणारी हिरा सर्वांत आधी पोचली. मागून तिचा दीर दामू आला, तोंडात पेटती बिडी.

"बिडी पाण्यात टाक, मेल्या! वास येत नाय का?"

दामूने ती डबक्यात फेकली. हिराने दार ओढून उघडलं.

"बोंबलासारखी टांगलीस की गं पोरी!"

"मावशी, आधी माझे खांदे धरा. मगच पट्टा सोडते, नाहीतर मानेवर पडेन."

हिरा अर्धी आत शिरली आणि तिने खांदे घट्ट धरले. पट्टा सुटला. दामूने दोघींना बाहेर ओढलं आणि तिघं पळत दूर गेली.

वाळूवर बसून हेमालीने मान फिरवली, पायाची बोटं हलवून पाहिली.

"रडतेस कशाला? दुकतंय?"

"नाही मावशी, काहीच दुखत नाही," ती म्हणाली आणि आणखी जोरात रडू लागली.