मामांची दाढी

"हात लावू नकोस त्यांना!" मामी दारातूनच कडाडली. मुलाच्या हातातला रेझर जागच्या जागी थबकला.

"अगं आई, गाडी येईल एवढ्यात. बाहेर माणसं ताटकळलीत. पटकन दोन हात फिरवतो आणि..."

"तुझ्या स्वतःच्या गालावर रोज कागदाचे कपटे चिकटवलेले असतात. बापाचा गाल कापशील आणि तसाच पाठवशील. ठेव ते."

मुलाने निमूट रेझर ठेवला. पहाटे गेलेले मामा पलंगावर निजल्यासारखे पडले होते. आजारपणात पांढरी दाढी रानासारखी माजली होती. मामीने चादर सारखी केली. मग उगाच पुन्हा केली. खिडकी उघडली, बाहेरची गर्दी पाहिली, लावून घेतली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, पण पाय एका जागी ठरत नव्हते.

गाव काय म्हणेल, याची तिला फिकीर नव्हती. गावाला ती कधीच भ्यायली नव्हती. पण मामा काय म्हणाले असते, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सबंध गावाच्या हनुवट्या या माणसाच्या हाताखालून गेलेल्या. आणि तो स्वतः अशी दाढी वाढवून घरातून निघणार? तिच्या जिवंतपणी तरी नाही.

मामा म्हणजे खरं तर कुणाचेच मामा नव्हते. लहान मुलं खुर्चीवर बसवली की भोकाड पसरायची. मग हे म्हणायचे, "अरे, मामा आहे मी तुझा! मामा कान कापतो का कधी?" ती मुलं बाप झाली, काहींचे केस पिकले, पण मामा ते मामाच राहिले. आणि ही बाई फुकटात अख्ख्या गावाची मामी झाली.

थंडीत गिऱ्हाइकाच्या गालाला हात लावण्याआधी ते गरम पाण्याच्या किटलीवर तळवे शेकून घ्यायचे. अंथरुणाला खिळलेल्यांची दाढी घरी जाऊन करायचे. आणि टक्कल पडलेला माणूस आला की त्याच्या डोक्याभोवती नुसती हवेत कात्री वाजवायचे, चांगली पोटभर.

"हवा कापताय होय?" मामी फणकारायची.

"अगं, एवढा चालत आलाय बिचारा. लगेच उठवला तर त्याला टक्कल आठवेल ना."

असला माणूस. भांडायची सोय नाही. म्हणून त्यांच्या वाटची भांडणंही मामीच करायची.

"आई," मुलगा चाचरत म्हणाला, "समोरच्याला बोलावू का?"

मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला.

समोरच्याला नाव होतं, पण या घरात ते कुणी उच्चारत नसे. एके काळी तो मामांच्याच दुकानात दुसऱ्या खुर्चीवर काम करायचा. दोन्ही वेळा मामीच्या हातचं जेवायचा, तिला वहिनी म्हणायचा. आणि एक दिवस त्याने रस्त्यापलीकडे, अगदी समोर, स्वतःचं सलून थाटलं. मामीने भर रस्त्यात उभं राहून त्याचे वाभाडे काढले होते. घरी येऊन नवऱ्याला बजावलं होतं, "त्याच्याशी एक शब्द बोललात तर माझी शपथ आहे." मामांनी मान डोलावली होती. त्याला जमाना झाला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मामीने पदर खोचला, दार उघडलं आणि तरातरा चालू लागली. गर्दी दुभंगली. कुणीतरी म्हणालं, "मामी, कुठे निघालात?" तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्या गावासमोर तिने रस्ता ओलांडला.

समोरच्याचं शटर अर्धं ओढलेलं होतं. मामी वाकून आत शिरली. तो स्वतःच्याच खुर्चीत आरशाकडे पाठ करून बसला होता. तिला पाहून ताडकन उठला.

"वहिनी, मी येणारच होतो. पण तुम्हाला माझं तोंड..."

"तोंड बघायला नाही आले मी. हत्यारं घे आणि चल."

तो आला. मामीने मुलाला बाहेर काढून दार लोटलं. समोरच्याने सोबत आणलेल्या गरम पाण्याच्या किटलीवर तळवे शेकले, मगच मामांच्या गालाला हात लावला. फेस केला. वस्तरा हळूहळू खाली उतरू लागला आणि पांढऱ्या दाढीतून मामांचा ओळखीचा चेहरा वर येऊ लागला.

मामी पाठीमागे पहारा देत उभी होती. काही चुकतंय का ते बघायला. तो वाकला आणि तिची नजर त्याच्या मानेवर गेली. केस कॉलरच्या खाली उतरले होते. नीटनेटका माणूस, पण मान नुसती माजलेली. अगदी मामांची माजली होती तशी.

मामी हलायचीच थांबली.

न्हाव्याला स्वतःच्या मानेवरचे केस कापता येत नाहीत. मग इतकी वर्षं मामांची मान कोण करत होतं? रोजच्या जगण्यात हा प्रश्न तिच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. दुकान बंद असायचं त्या दिवशी मामा 'कात्र्यांना धार लावून आणतो' म्हणून जायचे आणि चकचकीत होऊन यायचे.

"तू करायचास," ती म्हणाली.

वस्तरा थांबला. "हो. आणि माझी ते."

"मला फसवलंत. दोघांनी मिळून."

"नाही वहिनी. एक शब्द बोललो नाही कधी. तुमची शपथ होती ना. मी बोलायला गेलो की ओठांवर बोट ठेवायचे. मान खाली हवी असली की डोक्यावर टिचकी मारायचे." त्याने मनगटाने डोळे पुसले. "जाताना मात्र पाठीवर थाप मारायचे. जोरात."

मामीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते गिळलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि नवऱ्याच्या गुळगुळीत गालावरून उलटा हात फिरवला.

"मानेवर राहिलंय," ती म्हणाली. "नीट कर."

तिने मामांचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरलं. समोरच्याने कात्री घेतली.

दारावर थाप पडली. "आई, झालं का? ड्रायव्हर घाई करतोय."

मान कधीच स्वच्छ झाली होती. समोरच्याची कात्री हवेत नुसतीच वाजत होती. मामीला ते दिसत होतं.

"थांबायला सांग त्याला," ती आतून म्हणाली. "अजून व्हायचंय."