लॅकी टॉशची कोरडी जागा

ऑख्टरड्रम रोव्हर्सच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी पत्र्याची एकच शेड होती, आणि त्या शेडमध्ये कोरडी जागाही एकच होती. ती लॅकी टॉशची. त्याच्या आधी त्याच्या बापाची, त्याच्या आधी आज्याची. आज्याने ती जागा कशी मिळवली याच्या तीन हकिकती गावात चालत आणि तिन्ही लॅकीनेच पसरवलेल्या होत्या. तीन पिढ्यांच्या बुटांनी तिथल्या सिमेंटला दोन खळगे पडले होते. लॅकी त्यात पाय ठेवायचा तो देवळात शिरल्यासारखा, टोपी सारखी करून.

बाकीची शेड गळायची. सगळ्यात जास्त गळायची ती लॅकीच्या उजव्या हाताला, चार पावलांवर, जिथे गिब मकेल्वी उभा राहायचा. गेली एकतीस वर्षं पावसाची धार बरोबर गिबच्या टोपीवरच्या गुंडीवर पडत होती. टोपीवर शेवाळ धरलं होतं आणि एका वसंतात त्यात जांभळं फूल आलं होतं, असं लॅकी शपथेवर सांगे. गिब ते नाकारत नसे. फूल पांढरं होतं, एवढंच म्हणे.

दोघंही सत्तरीच्या पलीकडचे. लॅकी चाळीस वर्षं पोस्टमन होता. नोकरी सुटली तरी कानावरचं पेन काही सुटलं नव्हतं. गिब बोटी बांधणारा सुतार. दोघांची मैत्री इतकी जुनी की शेवटचं गोड कधी बोलले होते ते दोघांनाही आठवत नव्हतं.

त्या वर्षीच्या हंगामाची सुरुवात म्हणाल तर पाच सामने, पाच पराभव. खाल्लेले गोल सतरा, केलेला गोल एकही नाही. पाचवा सामना संपला तेव्हा दोघं सेनगाच्या टपरीपाशी उभे होते. टपरी शेडच्या टोकाला. तिथे मटणाचे पाय मिळायचे. हे इंग्रजी 'पाय' म्हणजे खिमा भरलेल्या, हात पोळणाऱ्या, कचोरीएवढ्या गोल वड्या.

"सेनगा, दोन पाय दे," गिब म्हणाला. "आणि उरले असतील तर आपल्या नऊ नंबरवाल्यालाही दोन दे. बिचाऱ्याला एकही नाही."

"सुरुवात आहे अजून," लॅकी म्हणाला. "संघ नवा आहे. मुरायला वेळ लागतो."

"मुरायला? लॅकी, लोणचं आहे का ते? तो गोलापुढचा गोली बघ. चेंडू आला की 'या, बसा' म्हणून बाजूला होतो. डावा बचाववाला वळायचा म्हटला तर त्याला खाडीच्या तोंडाएवढी जागा लागते. आणि तो नऊ नंबर! मोकळ्या गोलासमोरून मारलेला चेंडू चर्चच्या आवारात गेला. पाद्र्याने स्वतः आणून दिला, वर म्हणाला, बाळा, दारं उघडीच असतात, पण रविवारी."

"त्याचा गुडघा दुखतोय."

"माझाही दुखतोय. मी काय गोल केले नाहीत म्हणून रडत बसलोय?"

सेनगा मोठ्याने हसली. टपरीपाशी दहा-बाराजण होते तेही हसले. लॅकीचा पारा चढला. रोव्हर्सना त्याने स्वतः कितीही शिव्या घातल्या तरी दुसऱ्याने घातलेल्या त्याला चालत नसत.

"पुढच्या शनिवारी आपला गोल होणार," तो बोलून गेला.

"अस्सं?" गिबने पाय खाली ठेवला. "किल्ब्रॅकविरुद्ध? मग नाव घे. कोण करणार? खरं ठरलं तर मी मरेपर्यंत त्या धारेखाली उभा राहीन आणि चकार शब्द काढणार नाही. खोटं ठरलं तर कोरडी जागा माझी. कायमची."

टपरीपाशी होते ते सगळे जवळ सरकले. सेनगाने पायांच्या भट्टीचं दारसुद्धा लावून घेतलं. आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, कोरडी किंवा ओली. लॅकीने मनातल्या मनात संघातली सगळी नावं पत्रांसारखी लावून पाहिली. एकेक नाव 'पत्ता चुकीचा, परत पाठवा' असा शिक्का घेऊन परत आलं. शेवटी हाताला काहीच उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, "ए. ट्रायलिस्ट."

शेडमध्ये असा हशा पिकला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

कारण ए. ट्रायलिस्ट नावाचा माणूसच नव्हता. स्कॉटलंडच्या खालच्या लीगमधली जुनी रीत अशी की, एखादा खेळाडू अजून करारावर नसेल, नुसता चाचणीवर खेळत असेल, तर यादीत त्याचं खरं नाव घालायचं नाही, तिथे 'ए. ट्रायलिस्ट' एवढंच लिहायचं. म्हणजे दुसऱ्या क्लबांना त्याचा सुगावा लागत नाही. गिबच्या मते, त्याच्या आईला सुगावा लागू नये म्हणून. सही झाली की त्याला नाव मिळतं. तोवर तो कुणीही, कुणाचाही.

"हे नाव नाही, भोक आहे!" गिब म्हणाला.

"यादीत छापतात ते नाव," लॅकी म्हणाला.

सेनगाने निवाडा दिला. छापतात ते नाव. तिने पायांच्या कागदी पिशवीवर पैज लिहून काढली आणि चहाच्या पिंपामागे चिकटवली. "आणि त्याची सही झाली, तर झाला तो नावाचा माणूस," ती म्हणाली. "मग त्याचा गोल तुझा नाही, लॅकी. नंतर कटकट नको."

"मान्य," लॅकी म्हणाला. सही करायच्या लायकीचा माणूस रोव्हर्सच्या दारात येईल ही शक्यता त्याने हिशेबात धरलीच नव्हती.

सोमवारी तो मॅनेजर मकचेनला भेटला. मकचेन दिवसा शाळेत भूगोल शिकवायचा. "चाचणीवर कुणी येतंय का या आठवड्यात?" लॅकीने विचारलं. मकचेन म्हणाला, "लॅकी, घोडा बूट घालून आला तरी उतरवीन." मंगळवारी आणि बुधवारी लॅकीने आपलं जुनं टपालाचं गाव दार वाजवून पालथं घातलं. एकाला दमा, एकाचं लग्न, एकाने तर कुत्रं सोडलं. ते कुत्रं लॅकीला पोस्टमन असल्यापासून ओळखत होतं.

गुरुवारी तो हताश होऊन मैदानावर आला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्या आठवड्यात पाऊस नव्हता. सलग पाच दिवस ऊन पडल्यामुळे म्हाताऱ्या बायका पाद्र्याला काही अशुभ तर नाही ना म्हणून विचारून आल्या होत्या. ती संधी साधून क्लबने शेडच्या पत्र्यांना माणूस लावला होता. लुईस बेटावरचा, मर्डो मकॅस्किल नावाचा, सहा फूट चार इंच, आणि दिवसाला चार शब्द बोलणारा.

"काका, सरका," वरून आवाज आला. तो त्यातलाच अर्धा कोटा.

पत्र्याच्या पन्हळीत चेंडू अडकले होते. वर्षानुवर्षं रोव्हर्सनी गोलाच्या दिशेने मारलेले. मर्डोने एक उचलला, पत्र्यावर ठेवला आणि पायाने उडवला. चेंडू अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या गोलात गेला. लॅकीला वाटलं, वाऱ्याने गेला. मर्डोने दुसरा मारला. तोही गोलात. पन्हळीतून एकूण अकरा चेंडू निघाले आणि अकराच्या अकरा जाळ्यात जाऊन निमूट बसले. त्यातला एक तर लॅकीच्या बापाच्या काळातला, वादी बांधलेला, कातडी होता.

लॅकी शिडीला मिठी मारून उभा राहिला. "बाळ मर्डो, शनिवारी काय करतोयस?"

मर्डोने विचार केला आणि आठवडाभराचा कोटा एकदम खर्चला. "काहीच नाही. तुमच्या मित्राच्या बाजूचे पत्रे झाले. तुमच्या बाजूचे सोमवारी."

"पत्रे मरू देत," लॅकी म्हणाला.

शनिवारी यादी लागली. नऊ नंबर: ए. ट्रायलिस्ट. गिबने ती चष्मा लावून वाचली, काढून वाचली.

"तू पैदा केलास त्याला!"

"मी फक्त पत्ता सांगितला. पोचला तो स्वतः."

सामना सुरू झाला. पंधराव्या मिनिटाला किल्ब्रॅकने गोल केला. आपल्या गोलीने त्या चेंडूला जवळजवळ नमस्कारच केला. पण नंतर मर्डोला चेंडू मिळाला. पहिला फटका आडव्या दांडीला लागला आणि सेनगाच्या फळीवरचे सगळे कप एकदम वाजले. दुसरा दांडीला लागला तेव्हा दांडी पुढची दोन मिनिटं गुणगुणत होती. लॅकीच्या जिवात जीव आला. अजून पाऊण तास होता. आज नाही तर कधीच नाही.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि क्लबचा सेक्रेटरी पर्व्हिस हातात कोरा करार फडफडवत शेडमध्ये धावत आला.

"पेन! कुणाकडे पेन आहे का? माझं आटलं!" पर्व्हिसच लाउडस्पीकरवर गोल पुकारायचा आणि वहीत लिहायचा; सतरा गोल लिहिताना शाई संपणारच होती. "ते बघा तिकडे!"

मैदानाच्या कडेला किल्ब्रॅकचा सेक्रेटरी मर्डोशी बोलत उभा होता. उंटाच्या रंगाचा कोट, कोटाच्या वरच्या खिशात सोनेरी टोपणाचं पेन. त्याचा हात हळूहळू त्या खिशाकडे चालला होता.

लॅकीने टोपी कानावर ओढली.

गिबने ते पाहिलं. तो मधासारखा गोड झाला. "लॅकी, भावा, तुझ्या कानावर कसला फुगवटा आलाय रे? डॉक्टरला दाखव."

"पर्व्हिससाहेब," लॅकी घाईघाईने म्हणाला, "गोल होऊ दे ना आधी. सही काय, पाच वाजता घ्या."

"पाच वाजता तो किल्ब्रॅकचा झालेला असेल! पुढच्या महिन्यात आपल्याच गोलीला मारेल!"

सेनगा टपरीच्या फळीवर कोपरं टेकून बघत होती. तिने पिंपामागच्या पिशवीकडे बोट केलं आणि मान हलवली. सही झाली की नाव. नाव झालं की जागा गेली.

लॅकीने खाली पाहिलं. दोन खळगे. एक बापाचा, एक आज्याचा, असं तो लहानपणी मानायचा. मग त्याने समोर पाहिलं. सोनेरी टोपण निघालं होतं. त्याला एकदम तो सहा फूट चार इंचांचा पोरगा किल्ब्रॅकच्या पिवळ्या सदऱ्यात दिसला.

त्याने टोपी उचलली, पेन काढलं आणि पर्व्हिसच्या हातात कोंबलं.

"परत पाहिजे हं ते," तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून.

पर्व्हिस एकसष्ट वर्षांचा, एक पाय आखडलेला. पण त्या दिवशी तो मैदानाच्या कडेने जसा धावला तसा रोव्हर्सचा कुणी त्या हंगामात धावला नव्हता. मर्डोने सही केली, उंटाच्या रंगाच्या कोटाकडे पाहून "माफ करा" म्हणाला, आणि त्या दिवसाचा शब्दांचा कोटा संपवला.

गोल सत्तराव्या मिनिटाला झाला. चेंडू जाळ्यात गेला आणि थांबलाच नाही. जाळं दांड्यांपासून उपटून किल्ब्रॅकच्या गोलीवर पडलं, आणि त्याला सोडवायला गिबने बांधलेल्या बोटींवरचे दोन कोळी आत धावले. लाउडस्पीकर खरखरला. "रोव्हर्सचा गोल," पर्व्हिसचा आवाज फाटला, "मर्डो... मकॅस्किल!" लॅकी आणि गिब एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. गिबच्या टोपीतलं शेवाळ लॅकीच्या तोंडात गेलं.

मग दोघांनाही आठवलं आणि दोघांनी एकमेकांना सोडलं.

"मकॅस्किल म्हणाला तो," गिब म्हणाला. "मला ऐकू आलं. ट्रायलिस्ट नाही म्हणाला."

"मलाही आलं."

"मग... सरक."

लॅकी सरकला. उजव्या हाताला, चार पावलं. गिब त्या दोन खळग्यांमध्ये एकेक पाय ठेवत उभा राहिला, बोटीचा नांगर टाकल्यासारखा. छाती काढली. इकडेतिकडे पाहिलं. "इथून मैदान वेगळंच दिसतं रे," तो म्हणाला, आणि खोटं कशाला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आठवडाभर थांबलेला पाऊस तेवढ्यातच आला. आला तो बादलीने. लॅकीने मान खाली घातली, खांदे कानाला लावले आणि एकतीस वर्षांच्या धारेची वाट पाहू लागला.

धार आली नाही.

त्याने एक डोळा उघडून वर पाहिलं. नवे कोरे पत्रे. चेंडू काढलेली मोकळी पन्हळ. तिच्यातून पाणी कसं खळखळत, आनंदाने, डावीकडे चाललं होतं.

टप्.

गिबने टोपीला हात लावला.

टप्, टप्. आणि मग धार लागली. बरोबर गुंडीवर.

"तुला माहीत होतं!" गिब ओरडला.

"आईशप्पथ नव्हतं," लॅकी म्हणाला, आणि मग त्याला शिडीवरचा मर्डो आठवला: तुमच्या बाजूचे सोमवारी. सेनगाचा तर आजही त्याच्या शपथेवर विश्वास नाही.

सामना एक-एक असा सुटला आणि गावाने तो कप जिंकल्यासारखा साजरा केला. गिब मात्र धावत मकचेनकडे गेला, भिजलेली टोपी हातात घेऊन. "तो मकॅस्किल सोमवारी येतोय ना? पत्रे अर्धे राहिलेत!"

"पत्रे?" मकचेनने त्याच्याकडे असं पाहिलं जसं वर्गात कुणी नकाशावरचा समुद्रच पुसून टाकलाय. "गिब, तो आमचा नऊ नंबर आहे. त्याच्या पायांना काही झालं म्हणजे? हंगाम संपेपर्यंत शिडीच्या आसपास दिसला तरी दंड करीन."

गिब परत आला. आपल्या जागेवर उभा राहिला. 'कायमची' हा शब्द त्यानेच काढला होता आणि मकेल्वी शब्दाला पक्के.

लॅकीने सेनगाकडून दोन गरम पाय आणले. एक गिबच्या हातात दिला, आणि तो भिजू नये म्हणून आपली कोरडी टोपी त्यावर धरली.