चव घेणारी बाई

नणंदेच्या आडोशाला उभी राहून आक्काने वाडग्यातल्या सुपात दोन चमचे मीठ घातलं आणि घाईघाईने ढवळलं.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” पाव कापता कापता नणंद कुजबुजली.

“आज सोक्षमोक्ष लावतेच. नाक मुरडलं तर समजायचं, बाई तक्रार करायलाच येते.”

सरकारी शाळांतल्या सगळ्याच मुलांना जेवण फुकट झालं, तेव्हापासून शाळेच्या या स्वयंपाकघरावर आक्काचं राज्य होतं. आधी गरिबीची चिठ्ठी आणणाऱ्या मुलांनाच फुकट ताट मिळायचं आणि चिठ्ठी दाखवताना पोरं मान खाली घालायची. आता सगळी एकाच रांगेत, कुणाच्या घरी काय शिजतं हे विचारायची भानगडच उरली नव्हती. आक्काला ते मनापासून आवडलं होतं. डोक्याला ताप होता तो एकाच नियमाचा. एखाद्या पालकाने येऊन चव घेतल्याशिवाय मुलांना वाढायचं नाही. पालकांच्या पाळ्या लावल्या होत्या खऱ्या, पण कामधंदा सोडून भर दुपारी येतंय कोण? मग ज्याची त्याची पाळी असो, हजर मात्र ही एकच बाई. दुसरीतल्या एका मुलीची आई.

“त्यांना जमत नव्हतं, म्हणून मी आले,” हे तिचं ठरलेलं वाक्य. बरं, चमचाभर चाखून निघून जावं की नाही? छे! कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती अख्खा वाडगा संपवायची, वर ‘तळाचंही बघायला हवं’ म्हणून आणखी मागायची. नणंदेने तिचं नाव ‘परीक्षक बाई’ ठेवलं होतं. आक्काला मात्र हसू येत नव्हतं. एवढं बारकाईने तपासणारं माणूस कुणीतरी पाठवलेलंच असतं, असं तिचं ठाम मत होतं. मागच्या स्वयंपाकिणीची अशाच एका पालकाच्या तक्रारीवरून उचलबांगडी झाली होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. ही नोकरी गेली तर खायचं काय, या विचाराने आक्काची झोप उडाली होती.

“येऊ का?” दारातून आवाज आला.

“या ताई, तुमचीच वाट बघत होतो,” आक्का गोड आवाजात म्हणाली आणि वाडगा पुढे केला.

बाईने पहिला चमचा तोंडात घातला आणि ती थबकली. डोळ्यांत पाणी तरारलं. नणंदेची सुरी थांबली. आक्का उगाचच पातेल्यावरचं झाकण सरळ करत तिरप्या नजरेने बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल.

बाईने दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. मध्ये पाणी प्यायली, पुन्हा खायला लागली. शेवटी पावाने वाडगा पुसून घेतला.

“कसं झालंय?” आक्काने विचारलं.

“छान.” बाईचा घसा खरखरत होता. “मुलांना आवडेल.”

बाई भलतीच पोचलेली दिसते, इथे गोड बोलून तिकडे तक्रारीचा कागद करणार, असं आक्काच्या मनात आलं. तेवढ्यात तिला दिसलं की बाई मांडीवर सांडलेला पावाचा चुरा बोटाने टिपून तोंडात टाकते आहे. अगदी शेवटच्या कणापर्यंत. आक्काची कानशिलं तापली. इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती.

घंटा झाली. बाहेर पोरांचा गलका सुरू झाला. बाई उठली.

“निघते मी.”

“निघता कुठे? बसा.” आवाज जरा जास्तच चढला. “ते वेगळं काढलेलं होतं. मोठ्या पातेल्यातलं चाखायचं राहिलंय. नियम म्हणजे नियम.”

“अगं वहिनी, पण...”

“तू पाव काप. जाड काप जरा.”

आक्काने पातेल्यातून काठोकाठ वाडगा भरला आणि बाईच्या हातात दिला. बाई पुन्हा स्टुलावर टेकली.

“आक्का, उद्या...” ती हळूच म्हणाली. “उद्याची पाळीसुद्धा माझी नाहीये.”

“कुणाची पाळी कधी असते, मला कुठे लक्षात राहतंय?”

बाईने चमचा उचलला. बाहेर रांग खोळंबली होती. आक्काने जाऊन दार लोटून घेतलं.