शिंपडलेलं पाणी

लखनौच्या निशातगंजमधल्या त्या दोन खोल्यांत आठ दिवस एकच नियम होता. दहा महिन्यांच्या जुईला तिच्या आईच्या मांडीवर द्यायचं नाही!

जुई रांगत यायची, सुनीतीचा पदर धरून उभी राहायची आणि सासूबाई तिला अलगद उचलून न्यायच्या. "अगं, पुन्हा फीट आली तर? पोर पडेल ना!" मधुमतीबाई रागाने बोलत नसत. तेच सुनीतीला जास्त लागे.

सुनीती जुन्या शहरातल्या चौक भागात हशमत आपांकडे चिकनचं भरतकाम शिकायला जाई. जानेवारीतल्या एका दुपारी टाका घालता घालता ती तिथेच कोसळली. आपांनी सुई-कात्री दूर सारली, तिला कुशीवर वळवलं. शेजारीण चप्पल हुंगवायला धावली, तर "हटो, साँस लेने दो!" म्हणून तिला दटावलं. मग स्वतः रिक्षातून घरी पोचवलं.

स्कॅनमध्ये मेंदूत वाटाण्याएवढा ठिपका दिसला. मधुमतीबाईंचा निकाल तयारच होता. "त्या आपांकडे चहा पितेस ना? भोग आता! आणि श्रीरंग, बाहेर कुठे बोलू नकोस. नयनाचं लग्न जमायचंय अजून."

सुनीतीच्या नवऱ्याने, श्रीरंगने, नोकरीच्या ठिकाणी बँकेतही काही सांगितलं नाही. नयना त्याची धाकटी बहीण.

पुढच्या सोमवारी डॉक्टर वीणा यांनी फिल्म उजेडात धरली. असा ठिपका क्षयाच्या गाठीचा असू शकतो, एका जंताच्या अंड्यांमुळे झालेल्या गाठीचा असू शकतो, क्वचित ट्यूमरही निघतो, असं त्यांनी सांगितलं.

"पर ये मुझे कीड़ेवाला लगता है. दवा देंगे, तीन महीने बाद फिर स्कैन."

"कीडा?" मधुमतीबाई उसळल्या. "हमारे घर में अंडा तक नहीं आता! वो चौक की चाय से..."

"माताजी, चाय तो उबलती है," डॉक्टर हसल्या. "ज्याच्या पोटात हा जंत असतो, त्याच्या विष्ठेतून अंडी पसरतात," हे त्यांनी हिंदीत नीट समजावलं. "गंदे पानी की मूली, धनिया, बिना धुले हाथ. आपके यहाँ सलाद कौन धोता है?"

"मैं! तांब्यातलं पाणी छिड़कती हूँ, शुद्ध."

"छिड़कती हैं. धोती नहीं?"

मधुमतीबाईंनी सुनीतीकडे बघितलं.

"किस निवाले से आया, ये कोई स्कैन नहीं बताता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आप भी खुद को मत कोसिए."

सुनीतीला एकच विचारायचं होतं. "बेटी को गोद में लूँ?"

"क्यों नहीं! ज़मीन पर बैठकर, कोई पास हो तब. दूध भी पिलाइए. बस, अकेले नहलाना नहीं, चूल्हे के पास अकेले नहीं. और गोली एक दिन भी न छूटे."

घरी आल्यावर मधुमतीबाई मोरीत बसल्या. मुळे घासले, कोथिंबिरीचं पानन् पान नळाखाली धरलं. मग हात साबणाने धुतले, जुईला उचललं आणि सुनीतीच्या मांडीवर ठेवलं.

"भिंतीला टेकून बस. मी इथंच आहे."

जुईने आईच्या गालाला नाक घासलं. सुनीतीला रडू आवरेना!

एप्रिलमधल्या फिल्मवर ठिपका नव्हता. गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहणार होत्या. त्याच संध्याकाळी लाडवांचा डबा आणि नात घेऊन मधुमतीबाई चौकात गेल्या. सुनीती मागून.

"आपा, तुम्ही मेरी बहू को सँभाला. मैं तो तुम्हालाच बोल लावत होते." हिंदी-मराठीची पार खिचडी झाली, पण आपांना सगळं कळलं. "चाय पिलाइएगा?"

"बैठिए तो! उबलने में ज़रा देर लगेगी."

"उबलने दीजिए," मधुमतीबाई डोळे पुसत हसल्या, "अच्छे से!"

वाचकहो, आपल्याही घरी कुणाच्या स्कॅनवर असा ठिपका निघू शकतो. तो कुणामुळे आला याचा शोध घेत बसू नका, डॉक्टरांचं ऐका. फीट लपवू नका, चप्पल हुंगवू नका, भाजीवर नुसतं पाणी शिंपडू नका, ती धुवा. आणि आईच्या मांडीवरून मूल उचलण्याआधी एवढंच बघा, तिच्याजवळ बसायला आपण आहोत ना?