टँकरची कावीळ

आमच्या मालकाच्या डोळ्यांत पिवळं दिसलं तवा मी त्यांना आरशापुढं उभं केलं. अन् ह्या बाबाला काय? आरशात बघून म्हणतो कसा, "टँकरच्या पाण्यानं सारं गाव पिवळं पडलंय. मला झाली कावीळ तर काय नवल!"

गाव पिवळं पडलं होतं, ते खरं. दुष्काळानं विहिरी आटल्या, टँकरचं पाणी गढूळ. आंघोळीला तर पाणीच न्हाई, म्हणून घामानं अंगाला नायटे. मालकाच्या कमरेला नायटा एवढा पसरला की खाजवून खाजवून रक्त काढायचे. लातूर नवा जिल्हा झाला, तिथं कातडीचे डाक्टर आले, म्हणून यष्टीनं त्यांच्याकडं गेलो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या अन् बजावलं, "संपल्या की दाखवा. मनानं वाढवू नका, लिवरला बाधतात. दारू बंद. डोळे पिवळे झाले तर गोळी थांबवून तसंच इकडं या."

खाज गेली. मग लातूरला कोण जातंय! मालकानं तीच जुनी चिठ्ठी दाखवून कंधारच्या दुकानातून पुन्हा गोळ्या आणल्या, त्या संपल्यावर आणिक आणल्या. नायट्याचं मूळच काढतो म्हणाले.

"ही कावीळ त्या गोळ्यांची हाय," मी म्हणलं.

"कातडीच्या गोळीचा अन् काविळीचा काय संबंध? लई शहाणी झालीस!"

माझ्या सासूनं, सरजा आत्याबाईनं, गावच्या वैदूला, गुंडप्पाला बोलावलं. त्यानं मालकाच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणे! आत्याबाई रोज माळ बघायच्या, मी डोळे बघायची. माळ लांबत चालली, डोळे हळदीवाणी झाले. ताट समोर आलं की उलटी.

"माळ घाला, हार घाला, पण गोळी बंद करा!" मी ओरडले.

"बरं बाई, केली बंद," मालक म्हणाले.

अन् एका सकाळी अंगणात उभं राहून विचारू लागले, "बैल कुठं गेले?" बैल चारा छावणीत होते. ह्यांनीच नेऊन बांधले होते. कावीळ डोस्क्यात चढली! आत्याबाई आडव्या आल्या, त्यांना बाजूला सारलं अन् मालकाला धरून लातूरच्या यष्टीत बसवलं.

डाक्टरनं डोळे बघितले, पोट दाबलं. "गोळी कधी थांबवली?"

मालक माझ्याकडं बघंनात. "आज सकाळी घेतली की. नायटा परत आला तर?"

आरं माझ्या कर्मा! डाक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सरळ दवाखान्यात भरती करायची चिठ्ठी लिहू लागले, तवा मी लई भ्याले.

"जगतील ना हो?"

"गोळी आता बंद. लिवर साथ देतंय का बघू," ते म्हणाले.

सलाईन लागलं. हळूहळू मालकाला सुद आली, अन् सुदीबरोबर भ्याव आलं. मला शहाणी म्हणून हिणवणारा माणूस आता माझा पदर सोडंना. उजाडलं की सोताच पापणी खाली ओढतो.

"चांगुणे, बघ की. कमी हाय का गं?"

मी आजवर कुणाची भीड ठेवली न्हाई, नवऱ्याची बी न्हाई. आज खिडकीच्या उजेडात त्यांचं तोंड वळवलं अन् नीट बघितलं. कालच्यापेक्षा जास्त पिवळं होतं.

"हाव," म्हणलं, "कमी झालंय."